बेस ऐकू येत नाही, घरघर मात्र येते

पत्र थोडक्यात असं आहे:

"काका, मी छत्तीस वर्षांचा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहतो त्रिमूर्तीनगरात, दुसऱ्या मजल्यावर. आमचा पाच जणांचा बँड आहे: गायक, लीड गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि बेस गिटारवर मी. रिसेप्शन, सोसायटीचा गणपती, कधी धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेत शनिवारची संध्याकाळ, असं चालतं. पोटापाण्याचा प्रश्न नाही, हौस आहे. पण हल्ली मन लागत नाही. कार्यक्रम झाला की लोक गायकाला भेटतात, लीडवाल्याला भेटतात. मी वायर गुंडाळत असतो. बहिणीनं व्हिडिओ पाहून लिहिलं, 'दादा, दिसतो छान, पण तुझं ऐकूच नाही येऊन राहिलं.' म्हणून मी मध्ये मध्ये थोडं जास्त वाजवायला लागलो, तर गायक डोळे वटारतो. कीबोर्डवाला म्हणतो, छोट्या कार्यक्रमाला बेस मी डाव्या हातानं सांभाळतो, तू नको येऊ, तेवढेच पैसे वाचतील. पैसे सगळ्यात कमी मलाच, अँप उचलून नेणार मीच, ऑटोचं भाडंही माझंच. लॉनवर माझ्याच अँपमधून घरघर येते, तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघतात. घरी सराव केला की खालच्या आजी वर येतात. बायको म्हणते, दर शनिवारी जाता, तुम्हाला मिळतं काय? लीड गिटार शिकू का? की बँडच सोडू? ता. क. पाच तारांचा बेस घ्यायचा विचार आहे. घेऊ का?"

भाऊ,

लीड गिटार शिकू नका. गिटार आवडते म्हणून शिकायची असेल तर जरूर शिका, पण लोकांनी येऊन हात मिळवावा म्हणून नको. लीड वाजवणारे पोट्टे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बेसवाला मात्र चार ठिकाणी फोन करून शोधावा लागतो. छत्तिसाव्या वर्षी ज्या बाजारात गर्दी आहे तिकडे जायचं आणि जिथे आपली गरज आहे तिथून उठायचं, याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

बँड सोडायचा की नाही, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इतक्या झटक्यात देता येत नाही. कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक तक्रार वाद्याची: माझं ऐकू येत नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी माणसांची: पैसे कमी, ओझं जास्त, वर 'तू नको येऊ'. पहिली बेसच्या स्वभावातच आहे, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दुसरीचा बेसशी काही संबंध नाही. बेसवाल्यांची फसगत इथेच होते. 'बेसवाल्याचं असंच असतं भाऊ' म्हणत लोक दुसरी तक्रार पहिलीच्या पोत्यात भरतात, आणि बेसवालाही मान डोलावतो.

आधी वाद्याचं बोलू. इमारतीचा पाया, वरणातलं मीठ वगैरे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. ते तुम्ही पुष्कळ वेळा ऐकलं असेल आणि त्यानं कुणाचं समाधान झाल्याचं मला माहीत नाही. बहिणीच्या व्हिडिओचं घ्या. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, पुढची ५५, मग ७३, मग ९८. फोनचा स्पीकर नखाएवढा. काहीशे हर्ट्झच्या खाली त्याच्यात दमच नसतो. म्हणजे तुमच्या चारही मोकळ्या तारांचा मूळ सूर त्या फोनमधून बाहेर पडतच नाही. थोडंफार येतं ते वरच्या स्वरांशांचं, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच सुरांचं, आणि त्यांच्यावर आधीच गायक, कीबोर्ड आणि झांजा बसलेल्या असतात. बहिणीचं काही चुकलं नाही आणि तुमचंही नाही. तिला म्हणावं, कान झाकणारे मोठे हेडफोन लाव आणि तोच व्हिडिओ परत बघ.

कार्यक्रमाच्या जागेचंही असंच आहे. बंद हॉलमध्ये खर्जाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीजवळ तर जास्तच भरतो. लॉनवर भिंतीच नाहीत. वर्धा रोडच्या एखाद्या मोठ्या लॉनवर तुमच्या छोट्या अँपमधला बेस पहिल्या दोन सोफ्यांच्या पुढे जात नसणार, मग तुम्ही बोटं झिजवा नाहीतर काही करा. त्यावर उपाय आहे आणि तो तुमच्या पाठीलाही बरा: साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची डबी) मागा आणि बेस थेट मिक्सरला द्या. त्याच्याकडे सबवूफर असतातच, ते डीजेसाठी आणलेले असतात. तुमचा बेस त्यातून जाऊ द्या. मग अँप न्यायची गरजच नाही. फक्त स्वतःला ऐकू यावं म्हणून एक मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, तुमच्या पायाशी लावायला सांगा, आणि ते कार्यक्रम ठरतानाच सांगा, स्टेजवर चढल्यावर नाही. स्टेजवर चढल्यावर साउंडवाला फक्त मान हलवतो.

आता 'मध्ये मध्ये थोडं जास्त' याबद्दल. इथे मी गायकाच्या बाजूनं आहे.

मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात आधी ढोलक आणि मग ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवला. शेजारचा बेसवाला नाराज आहे हे मला त्याचं तोंड न बघता कळायचं. त्याच्या जागा वाढायच्या. ओळ संपली की एक गिरकी, अंतऱ्याच्या तोंडावर एक घसरण, गायक श्वास घेतो तिथे चार सूर. प्रेक्षकांना ते तेव्हाही ऐकू येत नसे, फक्त गाणं कुठेतरी अडखळल्यासारखं वाटे. ऐकू यावं म्हणून वाजवलेला बेस लोकांपर्यंत पोचत नाही, त्याचा त्रास मात्र पोचतो.

मग मजा कशात आहे? सूर कुठे सुरू होतो यापेक्षा तो कुठे थांबतो यात. हे नवशिक्यांना कुणी सांगत नाही. तुम्ही सूर वाजवता तेव्हा ड्रमवाल्याचा पाय किकवर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर, पडतो, तेवढं तर जमत असेलच. पण स्नेअरचा, म्हणजे काडीनं वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचा, ठोका पडायच्या क्षणी तुमचा सूर बंद झाला, डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता नुसतं सैल केलं, तर तो ठोका एकदम मोठा वाटतो. ड्रमवाल्यानं जोर लावलेला नसतो. तुम्ही त्याला जागा करून दिलेली असते. आणि सूर स्नेअरच्या पुढे ओढलात तर तेच गाणं जड चालतं. लय तीच, सूर तेच. हे काम डाव्या हाताच्या एका बोटाचं, आणि ते कुणाला दिसत नाही.

येत्या तालमीला एक करा. ड्रमवाल्याला अर्धा तास आधी बोलवा, फक्त तुम्ही दोघं. नेहमीचं एखादं मध्यम लयीचं गाणं घ्या आणि प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुराशिवाय काहीही वाजवू नका. मेट्रोनोम लावाल तर त्याची टिकटिक पहिल्या मात्रेवर धरू नका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा; पहिल्या दिवशी चिडचिड होईल. मग सगळे जमले की दुसऱ्या अंतऱ्यात, कुणाला न सांगता, चार बार, म्हणजे सोळा मात्रा, हात तारांवरून काढा आणि मग परत या. तालमीतच हं, कार्यक्रमात नको. हात काढल्यावर गायकाची मान कुठे वळते ते बघा. बहिणीच्या व्हिडिओपेक्षा त्यातून तुम्हाला जास्त कळेल. आणि मान वळलीच नाही, तर मात्र सरावाला बसा. तीही शक्यता आहे, ती मी लपवणार नाही.

कीबोर्डवाल्याचं म्हणणं सगळंच खोटं नाही. ऐंशीनंतरच्या कितीतरी चित्रपटगीतांत मुळात सिंथचाच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचाच, बेस आहे. ती गाणी डाव्या हातानं जास्त मुळाबरहुकूम वाजतील. कॅफेत तिघंच बसणार असतील, पाचांना उभं राहायला जागा नसेल, तर तो सांभाळेलही. पण त्याची किंमत काय, ते त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. त्याचा डावा हात बेसमध्ये अडकला की कॉर्ड एकट्या उजव्या हातावर येतात आणि मधले म्युझिकचे तुकडे पातळ होतात. शिवाय बटणाची गोष्ट तुम्हीच त्याला आठवण करून द्या. गायक म्हणतो, आज गळा बसलाय, पट्टी अर्धा सूर खाली घ्या. कीबोर्डवाला ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायचं बटण, दाबतो आणि मोकळा होतो. तुम्ही मात्र अख्खं गाणं तिथल्या तिथे हातानं खाली आणता. मोकळ्या तारांवर बसवलेली गाणी तेव्हा गडबडतात, म्हणून मोकळी तार न वापरता गाणं बसवायची सवय ठेवा. मग काळी एक काय आणि पांढरी चार काय, हात तोच राहतो, फक्त सरकतो.

आता माणसांचं. त्याआधी एका वादकाबद्दल सांगतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये मोटाऊन नावाची रेकॉर्ड कंपनी होती, आणि तिथे साठच्या दशकात जेम्स जेमर्सन नावाचा माणूस बेस वाजवायचा, उजव्या हाताच्या एकाच बोटानं. जगातल्या बेसवाल्यांच्या पिढ्या त्याचं ऐकून शिकल्या. त्या रेकॉर्ड लाखोंनी खपल्या आणि वाजवणाऱ्यांची नावं कव्हरवर नसायची. पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली. १९८३ मध्ये तो गेला आणि २००० साली रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे, रहमानकडे कीथ पीटर्स. गाणं सगळ्या देशाला पाठ आणि नाव विचारलं तर दहांत एकाला सांगता येणार नाही. जेमर्सनची गंमत अशी की त्याचा बेस ऐकू येतो. लहान रेडिओवरसुद्धा येतो. म्हणजे नाव न मिळण्याचं कारण ऐकू न येणं हे नव्हतंच. नाव छापायचं नाही असं कुणीतरी ठरवलं होतं, एवढंच.

तुमचे पैसेही असेच कुणीतरी ठरवलेत. कुणी ठरवले? बहुतेक कुणीच नाही, पहिल्या कार्यक्रमाला जे झालं ते पुढे चालत राहिलं. गायकाला थोडे जास्त मिळणं मला गैर वाटत नाही, कारण रिसेप्शनवाले गायकाला बघूनच बोलावतात आणि फोनवर घासाघीस तोच करतो. पण लीडवाल्याला जास्त आणि बेसवाल्याला कमी, याला मला एकही कारण दिसत नाही. दोघांनी तेवढीच गाणी बसवली, दोघं तेवढाच वेळ उभे राहिले.

बोलायचं कसं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि कार्यक्रमानंतर रात्री सामान आवरतानाही नाही. तेव्हा सगळे थकलेले असतात आणि 'उद्या बघू' हेच उत्तर मिळतं. रविवारी सकाळी सगळ्यांना तर्री पोह्यांना बोलवा. पोटात तर्री गेली की आपली माणसं हिशेबाचं बोलणं बऱ्यापैकी शांतपणे ऐकतात. आणि तिथे 'मला कमी लेखता' हे वाक्य तोंडातून काढू नका. ते काढलंत की तासभर तुमचं मन राखण्यात जाईल, सगळे 'अरे भाऊ, असं नाही बाप्पा' म्हणतील, आणि पैसे होते तिथेच राहतील. सरळ एवढंच म्हणा: "आलेल्या पैशातून आधी सगळ्यांचं जाण्यायेण्याचं भाडं निघेल. ज्याचं सामान वापरलं त्याला त्याचं वेगळं भाडं. उरलेल्याचा गायकाला एक वाटा जास्त, बाकी चौघं सारखे." कागदावर मागच्या कार्यक्रमाचे आकडे मांडून न्या. क्वालिटीतल्या माणसाला हे मी काय सांगणार!

'तू नको येऊ' बद्दल एक नियम मागून घ्या: कोण येणार हे कार्यक्रम घेतानाच ठरेल, आदल्या दिवशी नाही. तिघांचा कार्यक्रम असेल तर तिघांचा, त्यात वाईट वाटून घेऊ नका. तो शनिवार घरी द्या. पण पाचांचे पैसे ठरवून चौघांनी वाटून घ्यायचे, हे चालणार नाही. एवढं मोकळेपणानं बोलूनही त्यांनी हसण्यावारी नेलं, तर बँड सोडा आणि अपराधी वाटून घेऊ नका. एक-दोन महिने कुणाचा फोन येणार नाही, मग येईल. बेसवाल्याला येतोच.

घरघरीचं मात्र थांबायला नको, त्यात जिवाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तुमच्या जाड तारेवरचा तिसरा पडदा (फ्रेट), म्हणजे पांढरी पाच, ४९ हर्ट्झ. ती घरघर तुमच्याच मुलखातली आहे, म्हणून ती तुमच्या अँपमधून अशी ऐटीत येते. आधी हे बघा: तारांना हात लावला की घरघर कमी होते का? होत असेल तर गिटारच्या आतली जोडणी ठीक आहे आणि ती बाहेरची कटकट पकडते आहे. मग लायटिंगच्या डिमरपासून दूर उभे राहा, आणि तुमच्या बेसला दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्ट्या) असतील तर दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवून पाहा, बऱ्याच बेसमध्ये त्यानं घरघर मरते. हात लावल्यानं वाढत असेल, तर जपून. बहुतेक अर्थिंगचा घोळ आहे.

लॉनवर जनरेटरची लाइन, त्याला कुणाचं तरी एक्स्टेन्शन, त्याला दोन पिनांचा सॉकेट, आणि तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही म्हणून वरची जाड पिन कुणीतरी पकडीनं मोडलेली. हे दृश्य तुम्ही पाहिलंच असेल. ती पिन असते म्हणून बिघाड झाला तर करंट जमिनीत जातो. ती नसली आणि अँपमध्ये कुठे गळती असली, तर त्याला जमिनीपर्यंत न्यायला तुम्ही आहात: हात तारांवर, तारा धातूच्या, आणि कोरसला गाताना ओठ माइकच्या जाळीला. माइक साउंडवाल्याच्या लाइनवर, अँप डेकोरेटरच्या लाइनवर. त्यात संध्याकाळी लॉनवर पाणी मारलेलं, गवत ओलं. ओठाला बारीकशी चुणचुण झाली तर हसून सोडू नका. हात काढा, अँप बंद करा, आणि इलेक्ट्रिशियनला माइकची जाळी आणि तारा यांच्यात मीटर लावून बघायला सांगा. स्वतः खटपट करू नका. घरघर जावी म्हणून 'अर्थची पिन काढून टाक ना बे' असं सांगणारा स्टेजवर कुणी ना कुणी भेटतोच. त्याचं ऐकू नका. साउंड आणि बेस एकाच लाइनवर घ्या, लायटिंग वेगळ्या. डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट' लिहिलेली एक कळ असते, तिनं बऱ्याचदा घरघर जाते आणि विजेच्या अर्थिंगला धक्का लागत नाही.

खालच्या आजी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण आजींना मीटर दाखवायला जाऊ नका. ते मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबानं केलेलं असतं, त्यात खर्जाला वजन कमी. मीटर म्हणेल सगळं नियमात आहे आणि आजींच्या फडताळातली भांडी वाजत असतील. खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून आरपार जातो, त्याला अडवायला वजनदार बांधकाम लागतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही, तो खर्च करू नका. घरी हेडफोनवरच वाजवा. त्यासाठी बेसमध्ये खोचायचा काडेपेटीएवढा हेडफोन अँप मिळतो. आजींकडे जाऊन एकदा सांगून या की आता आवाज येणार नाही. रिकाम्या हातानं नका जाऊ, आणि त्या आत बसवतील तेव्हा बसा. कदाचित त्यांचा राग आवाजावर कमी आणि कुणी विचारत नाही यावर जास्त असेल.

मे महिना आहे म्हणून मध्येच एक सांगून ठेवतो, हे तुम्ही विचारलेलं नाही. बेस कूलरसमोर भिंतीला टांगून ठेवू नका. दिवसभर कोरडी धग आणि रात्रभर वाळ्याची ओली हवा, यात लाकडी मान बिचारी सरळ कशी राहील? तारा अचानक उंच लागायला लागतात त्या यामुळे. कव्हरमध्ये, आतल्या खोलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, डिंक सुटतो. मानेतला रॉड फिरवायची वेळ आली तर एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबा. पावसाळा लागला की ती परत हलणार आहे, हे धरून चाला.

वहिनींच्या प्रश्नाला तुम्ही पैशाचं उत्तर शोधताय, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. मला नाही वाटत त्या पैशांबद्दल विचारतायत. आठवडाभर कंपनी, आणि शनिवारी संध्याकाळी तुम्ही खांद्याला बेस अडकवून जिना उतरता. मागे घर आणि त्या. 'मिळतं काय' याचा अर्थ 'मला काय मिळतं' असाही असू शकतो. तालीम रविवारी सकाळी घ्या, आणि महिन्यातले निदान दोन शनिवार कुणी कितीही पैसे देवोत, नाही म्हणा. तेही ग्रुपवर आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर वेळी घरच्यांवर ढकलावं लागणार नाही. आणि गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम असेल तेव्हा त्यांना पहिल्या रांगेत बसवू नका. तिथे नुसता ड्रम कानात बसतो. मागच्या भिंतीला खुर्ची लावून द्या. तिथे त्यांना तुम्ही ऐकू याल, आणि खुर्चीतूनही जाणवाल.

राहता राहिला ताजा कलम. पाच तारांचा बेस घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. पाचवी तार साधारण ३१ हर्ट्झची. तुमचा अँप ऑटोत मांडीवर बसतो म्हणजे त्याचा स्पीकर केवढा ते कळलंच. तो सूर त्यातून निघणारच नाही, नुसता कागद फडफडेल. तुम्हाला तो का हवासा वाटतो, त्याचा मला अंदाज आहे. गायक काळी दोनमध्ये गातो आणि तुमची जाड तार पांढरी तीनवर संपते, मूळ सूर अर्ध्या सुरानं हुकतो, आणि वरच्या सप्तकात घेतला तर पोकळ वाटतो. असं असेल तर त्या गाण्यांपुरती जाड तार एक पूर्ण सूर उतरवा, पांढरी दोनपर्यंत. खर्च शून्य. त्या एका तारेवर सगळे सूर दोन पडदे वर सरकतील, एवढं लक्षात ठेवायचं, आणि गाणी अशा क्रमानं लावायची की तार सारखी चढवावी-उतरवावी लागणार नाही. वाचलेल्या पैशांतून तारांचा एक नवा संच घ्या, एक बऱ्यापैकी केबल घ्या आणि तीन पिनांचं जाड वायरचं एक्स्टेन्शन घ्या. एक्स्टेन्शनवर नाव लिहून ठेवा, नाहीतर डेकोरेटर घेऊन जाईल.